मनमिळाऊ नव्हती ती

कॉलेजच्या स्मरणिकेत दिवंगत माजी विद्यार्थ्यांवर लिहायचं काम माझ्याकडं आलं, ते मी मराठीची शिक्षिका होते म्हणून. सारी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांचं शुद्धलेखन तपासण्यात गेली. निवृत्त झाल्यावर माजी विद्यार्थी संघाला वाटलं असणार, बाईंना आता वेळच वेळ आहे. त्यांनी अकरा नावांची यादी हातात दिली आणि सोबत एक छापील फॉर्म. त्यात रकाने होते: भूषविलेली पदे, मिळालेले पुरस्कार, सामाजिक कार्य, स्वभावविशेष. नमुना म्हणून दुसऱ्या एका संस्थेची जुनी स्मरणिकाही दिली. ती मी घरी येऊन वाचली. तिच्यातली गेलेली सगळी माणसं मनमिळाऊ, कष्टाळू आणि धार्मिक वृत्तीची होती. सगळी.

संघाचे अध्यक्ष आमच्याच वर्गातले. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. मी त्यांना फोनवर विचारलं, "यातलं एकही माणूस चिडकं नव्हतं का हो?"

"गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहायचं असतं," ते म्हणाले.

"मला आठवतंय तसं मी लिहीन."

त्यांनी ते हसण्यावारी नेलं.

आमचं कॉलेज लहान. पोलीस ॲक्शननंतर निजामाची राजवट गेली, तेव्हा चार-दोन मास्तर लोकांनी मिळून ते सुरू केलेलं. मी गेले तेव्हा त्याला वीसेक वर्षं झाली असतील, पण जागा तीच होती: एका जहागीरदाराचा रिकामा तबेला. घोडे बांधायच्या लोखंडी कड्या अजून भिंतीत होत्या, त्यांना आम्ही पिशव्या अडकवायचो. वर्ग सकाळी सातला सुरू व्हायचे, कारण निम्मी मुलं अकराला कुठं ना कुठं कामावर जायची. मी फुलंब्रीच्या अलीकडच्या एका खेड्यातून एस.टी.नं यायचे. पहाटे भाकरी बांधून घ्यायची, घोटभर चहा प्यायचा, आणि पाणी प्यायचंच नाही.

पाणी का नाही, ते सांगते. कॉलेजात मुलींसाठी संडास नव्हता. मुलं तबेल्यामागच्या बाभळींत जायची. आम्ही सातजणी होतो. घरून साडेपाचला निघायचं ते दुपारी एकला परत पोचेपर्यंत काहीच सोय नाही. याबद्दल आम्ही एकमेकींशीसुद्धा बोलत नव्हतो. शिकायचं म्हणजे एवढं सोसायचंच, असं आम्ही धरून चाललो होतो.

एक जण मात्र तसं धरून चालली नाही.

ती खुलताबादची. तिच्या वडिलांचं दर्ग्याजवळ फुलांचं आणि इलायचीदाण्याचं छोटं दुकान होतं. सातवीपर्यंत उर्दूत शिकलेली, पुढं मराठीत आली, आणि मराठी अशी शिकली की आमच्या चुका काढायची. अंगानं किरकोळ. आवाज मात्र सबंध तबेल्यात ऐकू जायचा. सर शिकवताना चुकले तर हात वर करायची. एस.टी. कॉलेजच्या फाट्याला थांबवत नव्हते, तर दोन दिवस दारातल्या पायरीवर उभी राहून कंडक्टरशी भांडली आणि तिसऱ्या दिवशी गाडी थांबली. तिच्याशी बोलायचं म्हणजे भांडायची तयारी ठेवूनच बोलावं लागे. मला ती आवडायची, आणि तिची भीतीही वाटायची.

दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात मी वर्गातच तापानं फणफणले. तीच मला डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली. बाईंनी तपासलं, प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, "लघवीला जळजळ होते? पाणी पीत नाहीस का तू?" मी मान खाली घातली. बाहेर आल्यावर तिनं मला रस्त्यातच थांबवलं.

"का पीत नाहीस पाणी?"

मी कुजबुजत सांगितलं. ती माझ्याकडं बघत म्हणाली, "मी पण पीत नाही. आणि मला वाटत होतं, माझ्या एकटीचंच आहे हे."

दुसऱ्या दिवशी तिनं प्राचार्यांना अर्ज लिहिला. सातही जणींच्या सह्या घेतल्या. प्राचार्य माणूस वाईट नव्हता, पण अर्ज वाचून म्हणाले, "इमारतीला पैसा नाही. शिवाय तुम्ही आहातच किती? सात."

"सर, सातजणींना पोट नसतं का?" ती म्हणाली.

त्यांनी आम्हाला वर्गात पाठवलं.

प्राचार्यांचं बिऱ्हाड कॉलेजच्या आवारातच, तबेल्याच्या समोर. दहाच्या सुट्टीत तिनं आम्हाला उठवलं, म्हणाली, "चला." आम्ही सातजणी ओळीनं आवार ओलांडून गेलो आणि तिनं प्राचार्यांच्या दाराची कडी वाजवली. त्यांच्या बायकोनं दार उघडलं. आम्ही त्यांना काकू म्हणायचो.

"काय गं पोरींनो?"

"काकू, संडासला जायचंय."

काकू बिचाऱ्या हसल्या, या म्हणाल्या. एकेक करत आम्ही जाऊन आलो. मी तर भिंतीकडं तोंड करून उभी होते, इतकी लाज वाटत होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा दहा वाजता कडी वाजली. तिसऱ्या दिवशीही. काकूंच्या घरात नळ नव्हता. हौदातलं पाणी बादलीनं आणायचं, आणि तो हौद भरायचा आडावरून. आम्ही सातजणी रोज हौद तळाला नेत होतो.

चौथ्या दिवशी विद्यार्थी प्रतिनिधीनं सभा घेतली. मुलींनी कॉलेजची अब्रू चव्हाट्यावर आणली, असं तो म्हणाला. टाळ्याही पडल्या. ती उठली आणि त्याला विचारलं, "तू आज सकाळपासून किती वेळा बाभळीत जाऊन आलास?" वर्ग खो खो हसला. तो लालबुंद होऊन बसला.

आठव्या दिवशी काकूच बाहेर आल्या. पदर खोचलेला, हातात रिकामी बादली. तबेल्याच्या दारात उभ्या राहून, आत तास चालू असताना, नवऱ्याला म्हणाल्या, "एक तर या पोरींना बांधून द्या, नाही तर उद्यापासून आडावरनं पाणी तुम्ही ओढा. माझे हात भरून आलेत." प्राचार्य खडू हातात धरून उभेच राहिले. आम्ही पोरी खाली बघून हसत होतो. ती हसली नाही. ती काकूंजवळ गेली, बादली घेतली आणि पाणी ओढायला लागली. मग आम्ही सगळ्याच गेलो.

विटा आल्या, पण गवंड्याला द्यायला पैसे नव्हते. तेव्हा आमच्या वर्गातला एक मुलगा पुढं आला. तो माझ्याच गाडीनं फुलंब्रीकडून यायचा. मेंढरं राखणाऱ्या घरातला, खांद्यावर नेहमी घोंगडी. दुष्काळात दोन वर्षं त्यानं सरकारी कामावर दगड रचले होते. वर्गात तो कधी तोंड उघडत नसे. इंग्रजीच्या तासाला तर शेवटच्या बाकावर अंग चोरून बसे. मला म्हणाला, "ताई, इंग्रजी नाय येत मला. भिंत येती."

त्यानं आणि दोन मुलांनी मिळून तबेल्याच्या मागं चार भिंती उभ्या केल्या. पत्र्याचं दार लावलं, आणि दाराला आतून कडी. पहिल्या दिवशी आम्ही सातजणी आलटून पालटून आत जाऊन नुसती ती कडी लावून बघत होतो. मी त्या दिवशी कॉलेजात पहिल्यांदा पोटभर पाणी प्याले.

या दोघांचीही नावं त्या अकराच्या यादीत होती.

आधी मी खुलताबादला गेले. दुकान आता तिची धाकटी बहीण बघते. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेआधीच वडील गेले आणि माझी मैत्रीण दुकानात बसली, ती कायमचीच. पदवी राहिली. लग्न केलं नाही. पण दुकानाच्या पायरीवर तिनं एक पाट आणि शाईची दौत ठेवली होती. गावातल्या बायकांना उर्दू यायची, मराठी नाही. रेशनकार्ड, विधवांची पेन्शन, जमिनीचा फेरफार, सगळे अर्ज ती लिहून द्यायची आणि अर्ज दाबला गेला तर स्वतः कचेरीत जाऊन उभी राहायची. बहीण म्हणाली, "बाबू लोगां आपा को देखे तो कुर्सी छोड के उठ जाते थे. इज्जत से नहीं, डर से."

गेली ती थंडीच्या दिवसांत, थोड्याशा आजारानं. दवाखान्यातही शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला गादी मिळावी म्हणून नर्सशी भांडली होती.

मी बहिणीला फॉर्म दाखवला. स्वभावविशेष या रकान्यावर बोट ठेवून विचारलं, "इथं काय लिहू?"

"झगडालू," ती लगेच म्हणाली. "लिखो बाजी. झूट कायकू लिखना? झगडालू थी, इसीलिए तो इतनी औरतां का काम हुआ."

मग मी फुलंब्रीकडं गेले. तो पदवीच्या परीक्षेला इंग्रजीत नापास झाला होता, एकदा नाही, तीनदा. पुढं वाळूजला कारखाने आले, तेव्हा तो पत्रा दाबायच्या प्रेसवर लागला. शिफ्टच्या बसनं जायचा-यायचा. एका दुपारी मशीननं त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं नेली. हे मला माहीत होतं. त्यापुढचं त्याच्या बायकोनं अंगणात बसून सांगितलं. ती मेंढ्यांना पाला टाकत होती, हात थांबत नव्हते.

"दवाखान्यातनं आले आन् पाटी मागितली. म्या म्हन्लं, पाटी कशाला? तर म्हन्ले, डाव्या हातानं गिरवायचंय. आमच्या पोरानं पयलीत गिरवली तीच पाटी. बाप आन् ल्येक एकाच पाटीवर. वर्सभर गिरवलं. मंग म्हन्ले, आता इंग्रजीचा पेपर देतो. म्या म्हन्लं, दोन हात व्हते तवा आला नाय, आता कसा येईल?"

"मग?"

"मंग काय. चाळिशीचा मानूस, पोरासोरांत जाऊन बसला. तिथल्या साहेबानं इचारलं, लिहायला मानूस देऊ का? नियम हाय म्हनं तसा. ह्येंनी सांगितलं, नको, हात हाय मला. त्या खेपंला बी नापास. मंग पुन्यांदा बसले. काठावर पास झाले बगा."

"घरी पेढे वाटले असतील."

"पेढे कुठले? मेंढरं सोडली आन् हिंडवत बसले दिवसभर. सांजच्याला म्हन्ले, येती आता मला भिंत बी आन् इंग्रजी बी." ती पहिल्यांदा थांबली. पदरानं तोंड पुसलं. "लई जिद्दी मानूस. मला बी लई तरास दिला त्या जिद्दीनं. त्ये बी लिव्हा."

त्याचा मुलगा पुण्याला इंजिनिअर आहे. सुट्टीला आला होता. तो मला फाट्यापर्यंत सोडायला आला आणि गाडी थांबवून म्हणाला, "काकू, ते नापासाचं नका लिहू. आमची मुलं मोठी झालीत. लोक वाचतील. बाबांची शोभा कशाला?"

मी काही बोलायच्या आत फोन वाजला. आईचा होता. कशी कोण जाणे, तिला शंका आली असणार. मुलानं फोन स्पीकरवर टाकला तसा तिचा आवाज गाडीभर घुमला: "बाईला काय बी शिकवू नगंस. चारदा नापास झाल्यावर पाचव्यांदा बसायला छाती लागती. तुजा बाप हाय तो, लाजतो कशाला?"

मुलानं गाडी पुन्हा सुरू केली. मला उतरवताना म्हणाला, "लिहा मग."

मी महिनाभर बसून अकराही जणांवर लिहिलं. फॉर्म बाजूला ठेवला. ज्याचं जसं होतं तसं. एक जण दारूत गेला होता, पण त्याच्यासारखं नकाशे काढणं कुणाला जमलं नाही, हे दोन्ही लिहिलं. संडासाची हकिकत लिहिली, काकूंच्या बादलीसकट. नापास हा शब्द लिहिला. भांडखोर हाही लिहिला.

संघाच्या बैठकीत माझी पानं परत आली, ती लाल शाईनं रंगलेली. संपादन एका तरुण प्राध्यापकाकडं होतं. चांगला, अदबशीर मुलगा. त्यानंच समजावून सांगितलं. "मॅडम, भांडखोर काढून मनमिळाऊ केलंय. नापास झाले याऐवजी प्रतिकूल परिस्थितीत शिक्षण पूर्ण केले असं. नकाशावाल्या सरांचं व्यसन काढलं. आणि तो... प्रसाधनगृहाचा परिच्छेद तेवढा गाळलाय."

"त्याला आम्ही प्रसाधनगृह म्हणत नव्हतो," मी म्हणाले.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "हे बघा, एका दिवंगत भगिनीची आठवण आणि त्यात संडास? पाहुणे वाचतील. गेलेल्या माणसाची लाज राखावी माणसानं."

सांगायचं राहिलं. विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून आमच्याविरुद्ध सभा घेणारा मुलगा तो हाच. मी इतकी वर्षं तो विषय काढला नव्हता. विषय अडचणीचा, म्हणून आम्ही एकमेकांना अहो-जाहो करत आलो होतो. त्या दिवशी ते सुटलं.

"लाज तिची नाही," मी म्हणाले. "लाज वाटायची असेल तर ती आपल्याला. सात पोरींना पाणी प्यायची चोरी होती, आणि तू सभा घेऊन टाळ्या मिळवल्यास. मी तुझं नाव त्यात लिहिलं नाही. हवं असेल तर लिहिते."

अध्यक्षांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"त्या मनमिळाऊ नव्हत्या, एवढंच ना? जाऊ द्या," कोषाध्यक्ष समजुतीनं म्हणाले. "एका शब्दानं काय होतं?"

"एका शब्दानं ती जाते. मनमिळाऊ बाई प्राचार्यांच्या दाराची कडी वाजवत नसते. तुम्ही ज्या बाईला छापताय, ती आमच्या कॉलेजात नव्हतीच." मी अकराही जणांची पानं गोळा केली, पिशवीत घातली. "छापायची तर अकरा अशीच छापा. नाही तर एकही नको. मी निघते."

बाहेर येऊन रिक्षा केली. उगाच शूरपणाचा आव आणत नाही. रिक्षात बसल्यावर वाटलं, अकरा घरं वाट बघतायत, माझ्या हट्टापायी सगळ्यांचंच राहील. पण उलट फिरावंसं वाटलं नाही. उभ्या आयुष्यात मी अर्जावर सातवी सही करणारी बाई होते. एकदा तरी पहिली सही आपली असावी.

आठ दिवस कुणाचा फोन नाही. नवव्या दिवशी तो तरुण संपादक घरी आला. चहा घेतला. म्हणाला, "मॅडम, छापखान्याची मुदत संपतेय. दिवंगत विभागाशिवाय अंक कसा काढायचा? अध्यक्ष म्हणाले, जसंच्या तसं घेऊन या." मग खाली बघत म्हणाला, "मी आईला वाचून दाखवलं होतं. ती डी.एड.ला असताना... तिचंही तसंच होतं म्हणाली. मला कधी बोलली नव्हती."

मी पानं दिली. एकेक पान मोजून, सही करून.

अंक निघाला. सगळं शब्दशः होतं. फक्त विभागाच्या शेवटी, चौकटीत, बारीक अक्षरात एक ओळ होती: या विभागातील मजकुराशी समिती सहमत असेलच असे नाही.

ती वाचून मी आधी भडकले आणि मग एकटीच स्वयंपाकघरात हसत सुटले. अकरा माणसांनी आपली आयुष्यं जगून संपवली होती, आणि समिती त्यांच्याशी असहमत होती. राहू दे. जिवंतपणी तरी समित्यांनी यांच्याशी कधी सहमती दाखवली होती?

प्रकाशनाला घरच्यांना बोलावलं होतं. खुलताबादहून बहीण आली, जरीचा दुपट्टा घेऊन. फुलंब्रीकडून भिंत बांधणाऱ्याच्या घरच्या बाई आल्या, सोबत मुलगा आणि सून. सभागृहात भाषणं चालू होती, आणि बाईंना वाचता येत नव्हतं, म्हणून सून त्यांच्या कानाशी हळू आवाजात वाचत होती. मी मागच्याच रांगेत होते. चारदा नापास हे शब्द आले तशी सुनेनं आवाज आणखी खाली घेतला.

"मोठ्यानं वाच," बाई म्हणाल्या.

"आत्या, भाषण चाललंय."

"चालू दे. त्येंचं रोजचंच हाय. तू मोठ्यानं वाच."

सून गोंधळली. तेव्हा मुलानं तिच्या हातातून अंक घेतला, घसा साफ केला आणि बापाच्या नापासाचं पान आईला वाचून दाखवायला लागला. आवाज चढत गेला. पुढच्या दोन-तीन रांगा वळून बघायला लागल्या. व्यासपीठावर पाहुणे बोलता बोलता अडखळले. अध्यक्षांनी माईकवरून, शांतता राखावी, असं सांगितलं. मुलगा थांबला नाही. बहिणीनं दुपट्टा सावरला, आपली खुर्ची उचलून त्यांच्याजवळ नेली आणि म्हणाली, "हमारी आपा का भी पढो बेटा, इसके बाद."

मी पण खुर्ची सरकवली.